तात्यांचा काळा डाग आणि माझी चामखीळ

“मास्तर, शेपटीला हात लावू नगासा! लाथ हाणंल ती!”

घोडीवाला महादू ओरडला तेव्हा तात्यांचा हात घोडीच्या शेपटीपासून वीतभर लांब होता. वर नवरदेव बसलेला, पुढे बँडवाले गाल फुगवून वाजवताहेत, आणि भर वरातीत माझे थोरले काका, तासगावातले निवृत्त चित्रकला शिक्षक, घोडीमागे ओणवे उभे. मी शेजारी. माझं काम एवढंच, की कुणाचं लक्ष गेलं तर पुढे होऊन त्यांना झाकायचं. तात्यांचा देह बघता ते काम मला झेपणारं नव्हतं.

“एकच केस पाहिजे रे,” तात्या म्हणाले.

“कशापायी?”

“हिच्या चामखिळीला बांधायला.”

महादूनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “आवं, मग आधी सांगायचं न्हवं? चोरून घेतलेला केस लागू पडत न्हाय. सरका.” त्यानं घोडीला चुचकारत एक लांब केस सटकन उपटला. घोडीनं शेपटी फटकारली, ती तात्यांच्या तोंडावर बसली आणि त्यांची टोपी गटारात गेली. वर नवरदेव दोन्ही हातांनी खोगीर धरून म्हणाला, “अहो, काय चाललंय मागं?” तोवर आम्ही गर्दीत पसार झालो होतो. केस तात्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला होता आणि आनंदानं ते टोपी विसरले होते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले होते आणि जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळत होते. आई-बाबा विट्याला. मी तात्या आणि इंदूकाकूंकडे राहायची. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मला स्वयंपाक येत नव्हता, असं दोन्ही बाजूंनी जमून गेलं होतं.

त्या वर्षी आमच्या घरात दोन डाग होते. एकाच्या धास्तीनं घर अर्धं झालं होतं आणि दुसऱ्याची नुसती चेष्टा चालायची. धास्तीचा डाग तात्यांचा. डाव्या कानशिलावर, चांगला आठ आण्याच्या नाण्याएवढा, काळाकुट्ट, खरबरीत. चेष्टेचा माझा. डाव्या पोटरीवर, गुलाबी, गोल गरगरीत, हरभऱ्याएवढा.

हा निवाडा तात्यांनीच केला होता, आणि तोही परीक्षा घेऊन. रविवारच्या पुरवणीत कातडीच्या कॅन्सरवर लेख आला होता. तात्यांनी तो कापून आरशाच्या कडेला खोचला, कंपास आणि पट्टी घेतली आणि स्वतःला तपासलं. डाग काळा? होय. दोन बाजू सारख्या नाहीत? होय. कडा वेड्यावाकड्या? होय. मोठा? पट्टी लावून, होय. मग म्हणाले, “वैजू, तुझा पाय आण इकडं.”

“मला काय झालंय?”

“आण म्हणतो ना. रंग?”

“गुलाबी.”

“नापास. दोन्ही बाजू?”

“सारख्या.”

“नापास. कड?”

“गोल आहे हो तात्या, बांगडीसारखी.”

“नापास. आकार तर काय, चिल्लर.” त्यांनी पट्टी खाली ठेवली. “तू सगळ्या विषयांत नापास. ही चामखीळ. मी मात्र पहिल्या वर्गात पास झालो.”

हे ते हसत म्हणाले, पण कंपास त्यांनी पेटीऐवजी चष्म्याच्या घरात ठेवला. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

त्या दिवसापासून तात्या मरायला लागले. त्यांना ते चांगलं जमायचंही. हौशी नाटकांत ते कायम राजा व्हायचे आणि कायम तिसऱ्या अंकात प्राण सोडायचे. तासगावात त्यांच्याइतका वेळ घेऊन कुणी मेलेलं नाही. आता त्यांनी आपली राजेशाही पगडी शाळेच्या संमेलनासाठी देऊन टाकली. फोटो स्टुडिओत जाऊन भिंतीवर लावायचा फोटो काढून आणला, तोही उजव्या बाजूनं, म्हणजे डाग दिसू नये. तेराव्याला बुंदी नको, चिरोटे करा, असं काकूला बजावलं. फक्त डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते.

“डॉक्टर काय करणार? कापणार,” ते म्हणत. “मला अख्खं जायचंय.”

घोडीचा केस त्यांनी शनिवारी पहाटे माझ्या चामखिळीच्या बुडाशी आवळून बांधला. मी कळवळले. “आठ दिवसांत गळून पडेल बघ,” ते म्हणाले. “माझ्या आईनं माझी अशीच पाडली होती.” मी केस लपवायला मोजे वर ओढून मैदानावर गेले.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. वरची खपली गळली आणि खालून चामखीळ पुन्हा तितकीच आली, जरा जास्तच लाल होऊन. मधूनमधून रक्त यायचं. पण खो-खो खेळणाऱ्या पोरीच्या पायाला रक्त येणारच. गुडघे, कोपरं, सगळंच सोललेलं असायचं. त्यात पोटरीचं कोण विचारतो? तात्या रोज संध्याकाळी बघायचे आणि म्हणायचे, “अर्धी गेली. चिवट आहे, तुझ्यासारखी.” मग केस सैल झाला असला तर पुन्हा आवळायचे.

असा दीड महिना गेला. एका सकाळी काकू चहाचा कप तात्यांच्या पुढ्यात ठेवून तिथंच खाली बसली. काकू खाली बसली की आम्ही घाबरायचो, कारण तिचे गुडघे दुखायचे आणि उगाच ती बसत नसे.

“अहो, मला एकदाचं होय की नाही ते कळू दे,” ती म्हणाली. “रोज थोडं थोडं विधवा व्हायला मला जमत नाही.”

तात्यांनी चहा न पिताच धोतर बदललं.

मिरजेला त्यांच्याबरोबर मी गेले, कारण एसटीच्या पायऱ्या काकूच्या गुडघ्यांना चढवत नसत. डॉक्टर नसरीन मुजावर कातडीच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. तात्यांनी खुर्चीत बसण्याआधीच सुरुवात केली.

“डॉक्टरीणबाई, माझ्या मनाची तयारी झालेली आहे. माझ्यापासून काही लपवू नका.”

“बसा तर आधी, दिनकरराव,” केसपेपरवरचं नाव वाचत त्या म्हणाल्या.

त्यांनी दिवा असलेलं एक भिंग तात्यांच्या कानशिलावर टेकवलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. नखानं कड जराशी खरवडली. मी खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होते. तात्यांना मी जन्मभर चिडवलं असेल, पण त्या क्षणी या खोलीतून ते जसेच्या तसे बाहेर यावेत याखेरीज मला काही नको होतं.

“ही म्हातारपणाची खपली आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“म्हणजे किती दिवस?”

“ही घेऊन शंभर वर्षं जगाल. वय झालं की कातडीवर अशा खपल्या धरतात. वरून मेण चिकटवल्यासारखी दिसते बघा. कॅन्सर नाही. नको असेल तर खरवडून काढते, ठेवायची तर ठेवा.”

मला एकदम रडू आलं आणि हसूही. तात्यांचं तोंड मात्र पडलं. जीवदान मिळालेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पगडी गेली होती, फोटोला चौकट झाली होती, नातेवाइकांचा निरोप घेऊन झाला होता.

“पण काळी आहे हो! कडा वाकड्या आहेत! लेखात स्पष्ट लिहिलंय!”

“लेखातलं खोटं नाही. पण भिंगाला जे दिसतं ते आरशाला दिसत नाही.”

एवढ्यावर गप्प बसतील तर ते तात्या कसले? एका बाईनं आपल्याला साफ नापास केलं हे त्यांना सहन होईना. ते खुर्चीत ताठ बसले. “तुमच्याकडं काय, खरवडायचं नाहीतर जाळायचं. आमच्याकडं नुसत्या घोड्याच्या केसावर काम होतं. वैजू, दाखव गं पाय!”

“तात्या, चला ना घरी.”

“दाखव म्हणतो. बाईंना कळू दे.”

मी सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली, मोजा खाली केला. डॉक्टर हसत हसत वाकल्या. “घोड्याचा केस! माझी आजीसुद्धा हेच...” आणि त्यांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी पायानं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या.

“कधीपासून आहे?”

“दिवाळीनंतर आली.”

“वाढली?”

“आधी मुगाएवढी होती.”

“रक्त येतं?”

“येतं कधीकधी. मी खो-खो खेळते.”

त्यांनी छोटी कात्री घेऊन केस कापला, भिंग टेकवलं, उचललं आणि पुन्हा टेकवलं.

“कुणी बांधला हा?”

“मीच,” तात्या म्हणाले. ते अजून शाबासकीची वाट बघत होते.

“दिनकरराव, तुम्ही जरा बाहेर बसा.”

“मी का? पेशंट मी आहे.”

“होतात,” डॉक्टर म्हणाल्या.

तात्या बाहेर गेले. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यामागं आणि जांघेत बोटांनी चाचपून बघितलं. मला म्हणाल्या, “ही मला आजच्या आज पूर्ण काढून तपासायला पाठवायची आहे.”

“चामखीळ नाहीये ही?”

“असली तर सगळ्यांत आधी मी हसेन. पण मला ती आवडलेली नाही.”

अहवाल आला त्या दिवशी काकूही आली, गुडघे धरून एसटीच्या पायऱ्या चढून. डॉक्टरांनी सांगितलं, मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. काकूनं माझा हात धरला. मी बधिर बसले होते. काही आत शिरतच नव्हतं.

“गुलाबी होती ती!” तात्या जवळजवळ ओरडले. “गोल होती! मी स्वतः तपासली. एकही लक्षण नव्हतं!”

“तेच तर,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या लेखातली लक्षणं बहुतेक मोठ्या वयाच्या माणसांची. त्यांच्यात हा बऱ्याचदा काळा, वेडावाकडा, हळूहळू पसरणारा असतो. आपल्याकडं तर तळपायाला नाहीतर नखाखाली. तरुण पोरांत तो पुष्कळदा काळा नसतोच. गुलाबी, गोल, फुगीर आणि पटापट वाढणारा. त्यात वय लहान, म्हणून घरच्यांना शंका येत नाही, आणि खरं सांगते, डॉक्टरांनाही येत नाही. चामखीळ म्हणून महिने जातात.”

“म्हणजे आमचा पेपरच चुकीचा होता,” तात्या म्हणाले.

“मोठ्यांचा पेपर तुम्ही लहान वर्गाला दिलात.”

आम्ही उठलो. काकू मला घेऊन दारापर्यंत गेली, पण तात्या मागेच टेबलापाशी घुटमळत उभे राहिले. त्यांचा आवाज मला ऐकू आला, आणि तो नाटकातला नव्हता.

“बाई, केस मी बांधला. त्यामुळं झालं का?”

“नाही. ते आधीपासूनच होतं.”

“उशीर?”

“दीड महिना गेला. तो गेलाच, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पुन्हा कुणाला असला केस बांधू नका. पण तुम्ही तो बांधला नसतात, तर फुशारकी मारायला तिचा पाय मला दाखवला असतात का? ही पोरगी आपणहून माझ्याकडं कधी आली असती, सांगा बरं.”

तात्यांना रडावं की मान डोलवावी कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

त्यानंतर तात्या गप्प झाले. सकाळी उठून अंगणात पाणी मारायचे, माझ्यासाठी बाजारातून पपई आणायचे, ती कापून पुढ्यात ठेवायचे आणि निघून जायचे. स्वतःच्या मरणावर महिना-दीड महिना अखंड बोललेला माणूस माझ्या आजारावर एक अक्षर काढत नव्हता. आई-बाबा विट्याहून आले, आई रडली, बाबा भिंतीकडं बघत बसले. त्याचं मला काही वाटलं नाही. भीती वाटली ती तात्यांच्या गप्प बसण्याची. हा माणूस विनोद करत नाही, म्हणजे माझं काही खरं नाही, असा हिशेब मी मनाशी केला होता.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात पहिलं ऑपरेशन झालं. पोटरीवरची आजूबाजूची कातडी आणखी काढली आणि जांघेतली एक गाठ तपासायला घेतली. त्या गाठीत कॅन्सर पोचलेला निघाला. आता तिथल्या बाकीच्या गाठीही काढायच्या होत्या.

मधल्या दिवसांत मी एकटीच मिरजेला डॉक्टर मुजावरांकडं गेले. मला कुणीतरी खरं सांगायला हवं होतं.

“गाठीत गेलाय, म्हणजे मी जास्त आजारी आहे ना?”

“आहेस.”

“मग?”

“आता उरलेलंही ऐकून घे. तुमच्या वयात तो गाठीत पोचलेला जास्त वेळा सापडतो. आणि तरीही तुमच्या वयाचे पेशंट म्हाताऱ्यांपेक्षा जास्त वाचतात. म्हातारपणी कधीकधी गाठी स्वच्छ असतात आणि तो माणसाला घेऊन जातो. तुमचं अंग भांडतं त्याच्याशी. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.” त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “वचन मी देत नाही. पण तुझ्या जागी मी असते तर भांडले असते.”

“तात्या बोलत नाहीत,” मी म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. कॅन्सर झाला म्हणून नाही, तात्या बोलत नाहीत म्हणून. डॉक्टरांनी मला पोटभर रडू दिलं.

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर झोपवलं होतं. आई-बाबा आणि काकू मागे बाकावर. तात्या माझ्या उशाशी, हात मागे बांधून. वॉर्डबॉय आतून बोलावणं येण्याची वाट बघत भिंतीला टेकून उभा होता. वरचा पंखा गरगरत होता आणि माझे दात थंडीशिवाय वाजत होते.

“तात्या, काहीतरी बोला ना.”

“काय बोलू?”

“मी मरेन का हो?”

मागे आईनं तोंडाला पदर लावला. तात्यांनी हात सोडले. खाकरले. आणि मग त्यांनी छाती अशी पुढे काढली, की मला वाटलं आता पडदा वर जाणार.

“वैजयंती,” ते म्हणाले. मी फार चुकले तरच ते माझं पूर्ण नाव घेत. “आपल्या घरात मरायच्या रांगेत पहिला नंबर माझा आहे. मी वेळेवर येऊन उभा राहिलोय. माझ्यामागं तुझी काकू. तिच्यामागं तुझे आईबाप. तू काल आलेली पोर, मध्येच कुठं घुसतेस? मागं हो!”

शेवटचे दोन शब्द त्यांनी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकांना ऐकू जातील असे म्हटले. वॉर्डबॉय दचकून भिंतीपासून बाजूला झाला. एक नर्स खोलीतून डोकावली.

मला हसू फुटलं. पोटात इतकं दुखेपर्यंत मी कितीतरी दिवसांत हसले नव्हते.

“किती मागं होऊ?”

“मी मागं वळून बघितलं तर दिसणार नाहीस, इतकी मागं.” हे मात्र ते हळू म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

आतून बोलावणं आलं. वॉर्डबॉयनं गाडी हलवली. मी मान वळवून विचारलं, “आणि तुमचा नंबर कधी लागणार?”

“चाळीस वर्षांची झालीस की विचार! तोवर नसता भोचकपणा नको!”

मी हसत आत गेले. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, “काय, लग्नाला निघालात का?”

बाकीच्या गाठी स्वच्छ निघाल्या. पहिली पाच वर्षं दर तपासणीला तात्या बरोबर यायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःचाही एखादा नवा डाग भिंगाखाली धरायचे. डॉक्टर मुजावर तो न बघताच म्हणायच्या, “नापास.” माझा डावा पाय अजून संध्याकाळी सुजतो. मैदानावर मी आता पळत नाही, शिट्टी वाजवते. काकू तीन वर्षांपूर्वी गेली. ती न विचारता पुढं निघून गेली, त्याचा राग तात्यांच्या मनातून अजून गेलेला नाही.

गेल्या वैशाखात मला चाळीस पूर्ण झाली. तात्या पंच्याऐंशीचे, कानानं अधू, दुपारच्या उन्हात खुर्ची टाकून बसलेले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून विचारलं, “तात्या, झाली चाळीस! तुमचा नंबर कधी?”

त्यांनी आधी माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं.

“रांग हलतच नाही गं,” ते म्हणाले. “तू उगाच मागून ढकलू नकोस.”